उघडी होडी आणि सुटलेला दोर

समुद्रावरील अपघातातून वाचलेल्या माणसाची कथा ही वाङ्मयातील अत्यंत फसवी कथा होय, असे आमचे मत आहे. फसवी याचा अर्थ खोटी असा नव्हे. अशी कथा सांगणारा जिवंत आहे हे वाचकाला पहिल्याच पानावर ठाऊक असते. तेव्हा 'पुढे काय होणार' या प्रश्नातली अर्धी धार आरंभीच बोथट झालेली असते. ही उणीव भरून काढण्यासाठी लेखक बहुधा धैर्याचा आश्रय घेतो. लाटा पर्वतप्राय होतात, वारा राक्षसी होतो आणि माणूस त्यांच्यावर मात करतो. वाचक सुखावतो, पुस्तक मिटतो. या सर्व व्यवहारात एक पक्ष मात्र गैरहजर असतो. त्याच होडीकडे पोहत येत असलेला, पण पोहोचू न शकलेला माणूस आपली बाजू मांडावयास येऊ शकत नाही. वाचलेल्याने त्याचे काय केले, म्हणजे समुद्रात काय केले आणि नंतर कागदावर काय केले, हीच या वाङ्मयाची खरी कसोटी असली पाहिजे.

या कसोटीवर घासून पाहावी अशी एक कथा आम्ही आज पुढे ठेवीत आहोत. स्टीफन क्रेन या अमेरिकन लेखकाची 'द ओपन बोट' ही कथा जून 1897 मध्ये 'स्क्रिब्नर्स' मासिकात प्रसिद्ध झाली. इंग्रजी कथांच्या निवडक संग्रहांतून ती इतक्या वेळा छापली गेली आहे की आपल्यापैकी पुष्कळांनी ती महाविद्यालयात असताना वाचली असेल आणि परीक्षा झाल्यावर विसरलीही असेल. ती पुन्हा वाचावी, आणि एका विशिष्ट कागदाशेजारी ठेवून वाचावी, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम घटना. क्रेन तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. 'द रेड बॅज ऑफ करेज' या कादंबरीने 1895 मध्ये त्याला कीर्ती मिळवून दिली होती. गंमत अशी की युद्धावरील ती कादंबरी लिहीपर्यंत त्याने युद्ध पाहिलेले नव्हते. क्यूबात स्पेनविरुद्ध उठाव चालू होता आणि तेथे वार्ताहर म्हणून जाण्यासाठी तो 31 डिसेंबर 1896 रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनविल बंदरातून 'कमोडोर' नावाच्या आगबोटीवर चढला. बोटीत बंडखोरांसाठी शस्त्रे होती. नदीच्या मुखापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती वाळूत रुतली, पुढे एंजिनाच्या खोलीत पाणी भरू लागले आणि 2 जानेवारी 1897 च्या सकाळी ती बुडाली. कप्तान, स्वयंपाकी, एंजिनाला तेल घालणारा एक कामगार आणि क्रेन हे चौघे दहा फुटी होडक्यात सुमारे तीस तास समुद्रावर होते. 3 जानेवारीला डेटोना येथील किनाऱ्यावर होडी उलटली. तिघे वाचले. तेलवाला बिली हिगिन्स बुडाला.

आता तो कागद. 7 जानेवारी 1897 रोजी 'न्यूयॉर्क प्रेस' या वृत्तपत्रात क्रेनने स्वतःची हकीकत छापली. तीत बोटीचे निघणे, रुतणे, पाणी उपसणे, बोटीवरील गोंधळ हे सारे तपशीलवार आहे. होडीतील तीस तास मात्र तो दोन-चार वाक्यांत उरकतो. तो इतिहास बोधप्रद असला तरी येथे सांगावयाचा नाही, अशा आशयाचे काही म्हणून तो पुढे सरकतो. आपल्याला हव्या असलेल्या कथेची जागा त्याने जणू तेव्हाच मोकळी ठेवली होती. परंतु या वृत्तांतात एक प्रसंग आहे, आणि तोच आमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

एका मोठ्या होडीचा घात झाल्यामुळे सात माणसे बुडत्या जहाजावर परतली होती. त्यांनी तराफे जुळविले. काही तराफ्यांवर उतरले, काही जहाजावरच राहिले. होडीतल्या चौघांनी एक तराफा दोराने ओढण्याचा प्रयत्न केला. दहा फुटी होडी, काठापर्यंत आलेले पाणी आणि मागे तराफा. हे साधणे शक्यच नव्हते. इतक्यात तराफ्यावरील एका माणसाने तो दोर हातांनी भराभर स्वतःकडे ओढावयास सुरुवात केली. होडी तराफ्याकडे खेचली जाऊ लागली. त्याचा हात एकदा होडीच्या काठाला लागला की होडी गेली, हे चौघांनाही कळले. स्वयंपाक्याने दोर सोडून दिला. थोड्याच वेळात जहाज बुडाले आणि तराफेही त्याबरोबर गेले.

हा प्रसंग वृत्तपत्रात आहे, कथेत नाही.

अधिकारी वर्गातील आमच्या वाचकांना याचे मर्म वेगळे उलगडून सांगावयास नको. फाइलीत काय आले आणि काय राहिले, यावरून काही गोष्टी ओळखण्याची सवय आपल्याला नोकरीनेच लावलेली असते. तथापि सामान्यतः असे घडते की सरकारी अहवालातून जे गळते ते साहित्य उचलते. येथे उलट झाले आहे. घाईने लिहिलेल्या बातमीने जे धिटाईने सांगितले, ते पाच महिन्यांनी आलेल्या कलाकृतीने बाजूला ठेवले. का? क्रेन लबाडी करीत होता काय? की कथेच्या घाटासाठी तो प्रसंग जड होता?

उत्तर देण्यापूर्वी कथेत काय आहे ते पाहिले पाहिजे, कारण ते विलक्षण आहे. क्रेनने समुद्राचे वर्णन जवळजवळ केलेलेच नाही. होडीतल्या माणसांना आकाशाकडे पाहावयास सवड नाही. त्यांची नजर समोरून येणाऱ्या लाटेवर खिळलेली आहे. एक लाट ओलांडली की तिच्यामागे तितकीच मोठी दुसरी उभी, आणि तिलाही होडी बुडविण्याची तितकीच निकड. उघड्या समुद्राचे भय हे एखाद्या भयंकर लाटेत नसून लाटांच्या न संपण्यात आहे, हे इतक्या साधेपणाने सांगितलेले आम्ही अन्यत्र वाचलेले नाही. मग येते ते काम. जखमी कप्तान नाळेत पडून हुकूम देतो, स्वयंपाकी पाणी उपसतो, तेलवाला आणि बातमीदार आळीपाळीने वल्ही मारतात. जागा बदलावयाची तर एकाने जपून सरकत जावयाचे आणि दुसऱ्याने त्याच्या बाजूने, तेही अशा बेताने की होडीला कळता कामा नये. एक समुद्रपक्षी कप्तानाच्या डोक्यावर बसू पाहतो. त्याला हाकलावे म्हटले तर जोराने हात हलविण्याची सोय नाही, कारण तेवढ्या झटक्यानेही होडी कलंडेल. म्हणून तो बिचारा अगदी हळुवार, सभ्यपणे हात हलवितो. हसू येते, आणि हसता हसता पाणी किती जवळ आहे हे कळते. धैर्य हा शब्द येथे कोणी उच्चारीत नाही.

आणि किनारा! बुडणाऱ्याला जमीन दिसली की तो वाचला, अशी आपणा जमिनीवरच्या माणसांची समजूत असते. वस्तुतः लहान होडीला खोल समुद्रापेक्षा किनाऱ्यालगतचे पाणीच अधिक घातक. खोल पाण्यात लाट होडीला उचलते आणि खाली ठेवते. उथळ पाण्यात तीच लाट तळाला अडखळून फुटते, आणि होडीची नाळ जरा वळून ती लाटेला आडवी झाली की क्षणार्धात पालथी होते. म्हणून हे चौघे जमीन दिसत असूनही दिवसभर आणि रात्रभर बाहेर ताटकळत राहतात. किनाऱ्यावर जीवरक्षकांचे ठाणे असणार, ते आपल्याला पाहतील, या आशेवर ते चर्चा करतात, मग त्या न दिसणाऱ्या रक्षकांना शिव्या देतात. निवेदक मध्येच थंडपणे सांगतो की दोन्ही दिशांना वीस मैलांत असे ठाणे नव्हतेच. अखेर वाळूवर माणसे दिसतात. एक जण अंगातला कोट काढून गरगर फिरवितो. याचा अर्थ काय? उत्तरेला जा? दक्षिणेला जा? थांबा? होडीत गंभीर ऊहापोह चालतो. हळूहळू ध्यानात येते की त्या गृहस्थाला काहीच म्हणावयाचे नाही. हे चौघे मौजेने मासे पकडावयास निघालेले आहेत अशा समजुतीने तो केवळ आनंदाने कोट फिरवितो आहे.

या प्रसंगावर समीक्षकांनी निसर्गाच्या उदासीनतेविषयी पुष्कळ लिहिले आहे, आणि क्रेननेही कथेत त्या तत्त्वज्ञानाला जागा दिली आहे. आम्हांला मात्र निसर्गाच्या उदासीनतेपेक्षा त्या कोटवाल्याची सदिच्छा अधिक भयंकर वाटते. समुद्राला डोळे नाहीत हे खरे, कोटवाल्याला होते. तो दुष्ट नाही, निष्काळजीही नाही. त्याला दिसते आहे. फक्त कळत नाही. काठावरचा माणूस आणि पाण्यातला माणूस यांच्यामध्ये जे अंतर असते ते क्रेनने त्या एका फिरत्या कोटात पकडले आहे. पुढे तत्त्वचिंतन सुरू होते तेथे कथा थोडी सैल पडते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो. बुडावयाचेच होते तर येथवर आणले कशाला, हा दैवाला केलेला सवाल ती तीन वेळा जवळजवळ त्याच शब्दांत आणते. पहिल्या वेळी तो चटका लावतो. तिसऱ्या वेळी लेखकाचा हात दिसतो.

शेवट पुन्हा कामाचाच आहे. सकाळी अंगात बळ उरले आहे तोवर किनारा गाठावयाचा असे ठरते. होडी पालथी होते. जानेवारीचे गार पाणी. कप्तान एका हाताने पालथ्या होडीला धरून आहे, स्वयंपाकी वल्ह्याच्या आधाराने उताणा तरंगतो आहे, बातमीदार एका प्रवाहात सापडून जागच्या जागी अडकला आहे. तेलवाला या सर्वांच्या पुढे, सपासप हात मारीत निघाला आहे. तोच मरतो. उथळ पाण्यात, वाळूवर कपाळ टेकलेला तो सापडतो. सर्वांत सशक्त माणूस का मेला, याचे गूढ करावयाचे कारण नाही. जहाज बुडण्यापूर्वी त्याने एंजिनाच्या खोलीत दुहेरी पाळी केली होती आणि नंतर तीस तास वल्ही मारली होती, हे कथेनेच वाटेत सांगून ठेवले आहे. चौघांपैकी नाव फक्त त्यालाच आहे. कप्तान, स्वयंपाकी, बातमीदार हे हुद्दे. बिली हे नाव. वाचलेले तिघे हुद्द्यांनी ओळखले जातात आणि मेलेल्याला नावाने हाक मारली जाते. आमच्या कसोटीवर ही कथा येथे उत्तम उतरते.

पण मग तो दोर? कथा आरंभीच्या पानांत कप्तानाचे मन वर्णिते तेव्हा एका वाक्यात एक चित्र येते: पहाटेच्या अंधुक प्रकाशात होडीकडे पाहणारी सात माणसे, आणि मग पाण्याखाली जात गेलेले डोलकाठीचे टोक. एवढेच. पुन्हा त्या सात जणांचा उल्लेख नाही. वृत्तपत्रातला लेख न वाचलेला वाचक या वाक्यावरून सहज पुढे जातो; ते कप्तानाच्या खिन्नतेचे एक कारण, इतकेच त्याला वाटते. ज्याने तो लेख वाचला आहे त्याला मात्र तेथे थांबावे लागते. म्हणजे क्रेनने तो प्रसंग टाकलेला नाही, पुरून ठेवला आहे. आणि त्याच्यावर चौघांच्या बंधुभावाची, न बोलता वाढत गेलेल्या त्या सुंदर बंधुभावाची, इमारत उभी केली आहे. हा बंधुभाव चौघांपुरता का? होडीत पाचवा मावत नव्हता म्हणून.

काही टीकाकार म्हणतील की कलाकृतीला तिच्याबाहेरच्या कागदावरून जोखणे अशास्त्रीय आहे. एरवी आम्हीही तसेच म्हणू. परंतु क्रेनने स्वतःच कथेच्या शीर्षकाखाली ती घडलेल्या गोष्टीला अनुसरून आहे आणि बुडालेल्या 'कमोडोर'वरील चौघांचा अनुभव आहे असे नमूद केले आहे. ज्याने घटनेची साक्ष काढली त्याला उलटतपासणी चुकत नाही. आमचा निष्कर्ष असा की तो प्रसंग गाळल्याने कथा अधिक निर्दोष झाली आणि किंचित लहानही झाली. तो घातला असता तर समुद्र उदासीन आहे या सिद्धांताला तडा गेला असता. कारण दोर सोडणारा हात समुद्राचा नव्हता. तो हात चुकला असेही आम्ही म्हणत नाही. न सोडता तर अकरा माणसे गेली असती, हा हिशेब सरळ आहे. सरळ हिशेबही माणसाला झोपू देत नाही, हे लिहावयाचे राहून गेले.

ही उणीव कोठे भरून निघालेली दिसत असेल तर ती एका वृत्तपत्री मालिकेत, हे आश्चर्य आहे. 28 फेब्रुवारी 1955 रोजी कोलंबियाच्या 'काल्दास' या विनाशिकेवरून आठ खलाशी कॅरिबियन समुद्रात फेकले गेले. त्यांपैकी लुइस अलेहांद्रो वेलास्को हा एकटा, अन्नपाण्यावाचून दहा दिवस तराफ्यावर राहून, किनाऱ्याला लागला. बोगोटाच्या 'एल एस्पेक्तादोर' या दैनिकात त्याची हकीकत चौदा भागांत आली. ती त्याच्याच तोंडून, प्रथमपुरुषी, लिहून काढणारा तरुण बातमीदार म्हणजे गाब्रिएल गार्सिया मार्केस. मार्केसच्या नावाने ते पुस्तक 1970 मध्ये निघाले. तीत वादळ नव्हते. डेकवर बांधलेला चोरटा माल, शीतकपाटे आणि कपडे धुण्याची यंत्रे, लाटेच्या तडाख्याने सुटला आणि त्याबरोबर माणसे गेली. सरकारने वादळाचा खुलासा केला होता. खलाशाने साधेपणाने वारा होता एवढे सांगितले आणि लष्करी राजवट अडचणीत आली. ज्याला वीर म्हणून मिरविले, ज्याच्या घड्याळाची आणि बुटांची जाहिरात झाली, त्याला नौदल सोडावे लागले.

ही राजकीय बाजू प्रसिद्धच आहे. आम्हांला त्या मालिकेतील दुसरी एक जागा दाखवावयाची आहे. तराफ्यावर चढल्यावर वेलास्कोला त्याचे सहकारी आजूबाजूला पोहताना दिसतात. त्यांतला एक तराफ्यापासून अवघ्या काही मीटरांवर येतो. वेलास्को वल्हे मारतो, वारा तराफ्याला उलट ढकलतो, आणि तो मित्र हाक मारता मारता दिसेनासा होतो. हे निवेदन दुसऱ्या-तिसऱ्या भागातच येते. पुढचे दहा दिवस, ठराविक वेळेला येणारे शार्क, पकडलेला पण खाता न आलेला समुद्रपक्षी, चघळलेले बुटाचे चामडे, हे सारे त्या काही मीटरांच्या छायेत वाचावे लागते. कला म्हणून ही मालिका क्रेनच्या कथेच्या जवळपासही येत नाही. मधले काही भाग वर्तमानपत्राची रोजची जागा भरण्यासाठी लांबविल्यासारखे वाटतात. परंतु न पोहोचलेल्या माणसाला तिने पानाच्या मध्यभागी जागा दिली.

आता आपल्याकडे वळावे. सातशे किलोमीटरांहून अधिक किनारा ज्या भाषेला लाभला तिच्या साहित्यात समुद्र किती आहे? शब्दांत पुष्कळ आहे. भवसागर आहे, तारू आहे, पैलतीर आहे. संतांनी समुद्राला उपमेत असा पक्का बसविला की तो पुन्हा पाणी होऊच शकला नाही. उपमेतल्या समुद्रात सुकाणू दुसऱ्याच्या हाती असते. त्यानंतर कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तील (1942) 'कोलंबसाचे गर्वगीत' आले आणि मराठी माणूस समुद्राशी ताठ मानेने बोलू लागला. त्या कवितेचे आमच्या पिढ्यांवर ऋण आहे. पण आव्हान द्यावयाचे तरी समोर कोणी ऐकणारा लागतो, आणि क्रेनच्या होडीत बसलेल्या माणसाला तेच नेमके नाकारलेले आहे. समुद्र उपमा नाही, प्रतिपक्षही नाही, तर कामाची जागा आहे, असे मानणारा वर्ग आपल्याकडे आहेच. तो 'दर्या' म्हणतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याला नारळ देतो. त्याच्या हातून लेखन मात्र थोडे झाले.

हे आम्ही हळहळ म्हणून लिहीत नाही. एक विशिष्ट गोष्ट मनात आहे. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येला, सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. बोट एका अंगाला कलली, प्रवासी घाबरून दुसऱ्या अंगाला धावले, आणि त्यातच ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी गावी निघालेली, अलिबाग-रेवसकडची ही माणसे. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी ज्यांची घरे त्या पट्टीतली आहेत, त्यांना आजी-आजोबांच्या तोंडून हे नाव ऐकून ठाऊक असेल. आठवणी छापल्या गेल्या आहेत, वर्तमानपत्रांतून दरवर्षी त्या तारखेच्या सुमारास लेख येतात. त्यांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. पण त्या लेखांची रीत पाहिली तर ती बहुधा क्रेनच्या वृत्तपत्री लेखाचीच आहे: बोट केव्हा सुटली, कोठे कलली, किती गेले, किती वाचले. त्या घटनेची 'ओपन बोट' आमच्या वाचनात तरी आलेली नाही.

वस्तुतः तिची सामग्री फ्लॉरिडापेक्षा समृद्ध आहे. तेथे काठावरचा माणूस कोट फिरवीत राहिला. येथे मासळी घेऊन मुंबईच्या दिशेने निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी, ऐन पावसाळ्यातल्या त्या दर्यात, बुडणाऱ्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतले. जागा व्हावी म्हणून त्यांनी मासळी समुद्रात टाकली असे सांगतात. टोपल्या टाकल्या की होडीत किती माणसे मावतात, हे त्या कोळ्यांना न मोजता कळत असले पाहिजे. आणि होडी भरली हेही. भरल्यानंतर काठाकडे आलेल्या हातांचे त्यांनी काय केले, हे आम्ही वाचलेल्या एकाही लेखात कोणी विचारलेले नाही. त्या दिवशी वल्ह्यावर असलेला तरुण कोळी आज असलाच तर शंभरीच्या घरात असेल.